पाखाडी चढताना धाप लागते? आधी पाय बघा, मग श्वास

आमचं घर वाडीत खाली, एसटीचा थांबा वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, आणि मधे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, १३८ पायऱ्या. रत्नागिरीकडे हे कोणाला नवीन नाही, पोस्टात जायचं तरी चढ, लग्नाला जायचं तरी चढ. माझी आई ६७ वर्षांची. आयुष्यभर डोक्यावर भारा घेऊन ही पाखाडी चढली, पण दोन वर्षांपूर्वी अर्ध्यावर फणसाखाली बसायला लागली, मग दोनदा बसायला लागली, आणि मग बाजाराला जाणंच सोडलं. "आता नाय जमत रे, दम लागतो." तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की वय झालंय, चढउतार कमी करा. आम्ही केली कमी. सहा महिन्यांत तिला अंगणातून विहिरीवर जातानाही धाप लागायला लागली.

तेव्हापासून मी यावर वाचायला लागलो, एका फिजिओथेरपिस्टला विचारून विचारून हैराण केलं, आणि आईबरोबर जे जे करून बघितलं ते इथे लिहितोय. ज्यांच्या घरी कोणीतरी असंच घरात बसून राहायला लागलंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी तपासणी, हे टाळू नका. धाप लागणं म्हणजे दरवेळी फक्त कमजोरी असते असं नाही. बसल्या जागी धाप, छातीत दाब किंवा दुखणं, रात्री झोपेतून श्वासासाठी उठणं, पायांवर सूज, चक्कर, यातलं काहीही असेल तर व्यायाम राहू दे, आधी ईसीजी आणि डॉक्टर. चुलीच्या धुरात वर्षं काढलेल्या बायकांची फुंकून बघायची टेस्ट, ती स्पायरोमेट्री, नक्की करून घ्या, कारण सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, फक्त बिडी ओढणाऱ्यांनाच होतो असं अजिबात नाही. आणि हिमोग्लोबिन. आईचं ९.२ निघालं, म्हणजे ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तात गाड्याच कमी, मग पाय कितीही चांगले असले तरी काय उपयोग. गोळ्या सुरू केल्या आणि मगच व्यायाम. त्यामुळे पुढे जो फरक पडला त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि व्यायामाचा किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही, दोन्ही लागलं एवढं नक्की.

आता मुद्द्याचं. धाप लागली की आपल्याला वाटतं फुफ्फुसं कमी पडली. बऱ्याच वेळा सुरुवात मांडीपासून होते. मांडीचा स्नायू कमजोर असला की एक पायरी चढायला त्याला त्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा लावावा लागतो, मग तो लवकर लॅक्टेट आणि आम्ल तयार करायला लागतो, ते आम्ल रक्तातला बायकार्बोनेट हा क्षार सावरून घेतो आणि त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो बाहेर टाकायला श्वास जोरात चालवावा लागतो. म्हणजे धाप छातीत जाणवते पण सुरू होते मांडीत! हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून आईची मांडी दाबून बघितली, मऊ पडली होती.

म्हणून पहिलं काम खुर्चीचं. पडवीत हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर, उठा बसा. उठताना एक सेकंद, बसताना मनात तीन मोजत हळू. आधी एकदा ३० सेकंदात किती वेळा होतं ते मोजून लिहून ठेवा, आईचं पहिल्या दिवशी ६ झालं होतं. मग रोज नाही, दिवसाआड, ८ च्या तीन खेपा, मधे दोन मिनिटं आराम. सोपं वाटायला लागलं की हातात तांदळाची दोन किलोची पिशवी. गुडघा कुरकुरत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा पण सोडू नका. वयाचं कारण कोणी सांगितलं तर त्यांना सांगा की १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या १० जणांवर, सरासरी वय ९०, आठ आठवडे वजन उचलायचा व्यायाम घेतला होता आणि मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ९० व्या वर्षी!

तीन आठवडे फक्त हे केलं आम्ही. पाखाडीला हात नाही लावला. मला घाई होती, आईला नव्हती, आणि तीच बरोबर होती.

मग पाखाडी. इथे बहुतेक सगळे एक चूक करतात, सुरुवातीला जोरात जातात. घरातून निघायचं, एसटी चुकेल म्हणून पहिल्या ३० पायऱ्या भरभर, आणि चाळिसाव्या पायरीला कमरेवर हात. कारण असं की पाय पहिल्या पायरीपासून ऑक्सिजन मागतात, पण हृदय, फुफ्फुसं आणि स्नायूंच्या आतली यंत्रणा त्या मागणीला पुरी पडायला दोन तीन मिनिटं घेते, वय जास्त असेल किंवा सवय तुटली असेल तर अजून जास्त. तोपर्यंत शरीर उधारीवर चालतं. तुम्ही सुरुवातच जोरात केलीत तर उधारी मोठी होते आणि फणसाखाली बसून ती फेडावी लागते. म्हणून निघायच्या आधी अंगणात पाच मिनिटं चाला, मग पहिल्या ३० पायऱ्या मुद्दाम, कंटाळा येईल एवढ्या हळू. पाच मिनिटं आधी निघा, बाकी काही नाही.

चढताना आईकडे जवळून बघितलं तेव्हा दिसलं की उंच चिरा आला की ती श्वास रोखते. ओठ घट्ट, खांदे कानाकडे, एक हात गुडघ्यावर दाबून वर, आणि वर आल्यावर हुश्श करून एकदम दोन तीन छोटे श्वास. प्रत्येक उंच चिऱ्याला असंच. श्वास रोखून जोर लावला की बीपी त्या क्षणी वर उसळतं आणि श्वासाची लय मोडते ती मोडतेच. तिला शिकवलं की जोर लावताना श्वास सोडायचा. दोन पायऱ्यांत नाकाने आत, तीन किंवा चार पायऱ्यांत ओठांचा चंबू करून बाहेर, फुंकणीने चूल फुंकतो तसं पण हळू, निखारा फुलेल पण राख उडणार नाही इतकं. सीओपीडीवाल्यांना तर हे दवाखान्यात शिकवतातच, कारण त्यांची हवा आत अडकून राहते, चंबूमुळे बारीक श्वासनळ्या मिटत नाहीत आणि हवा पूर्ण बाहेर पडते, मग पुढचा श्वास घ्यायला जागा होते.

थांबावं लागलं तर खुशाल थांबा, पण बसू नका, काठीवर किंवा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, दोन्ही हात टेकून किंचित पुढे वाका. हात टेकले की खांद्याचे आणि मानेचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात.

आठवड्याचं गणित कसं बसवायचं. दोन प्रयोग मला फार उपयोगी पडले. एक जपानच्या शिन्शू विद्यापीठातला, २००७ चा, सरासरी वय ६३, पाच महिने. एक गट सरळ एका गतीने चालला, दुसरा ३ मिनिटं जोरात ३ मिनिटं हळू असं पाच किंवा जास्त वेळा, आठवड्यातून चार दिवस. जोरात हळूवाल्यांची गुडघा सरळ करायची ताकद १३ टक्के वाढली, वाकवायची १७ टक्के, वरचं बीपीही जास्त उतरलं. एका गतीने चालणाऱ्यांना एवढा फायदा झाला नाही. हे सड्यावर मस्त जमतं, सपाट रस्ता आहे, जोरात म्हणजे चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागेल इतकं, हळू म्हणजे शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं. मोबाईलवर टायमर लावायचा नसेल तर विजेचे खांब मोजा, आम्ही तेच करतो.

दुसरा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१९ चा. ६० पायऱ्यांचा जिना जोरात चढायचा, दिवसातून तीनदा, मधे काही तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. एवढ्याशानेही शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढली, फार नाही, साधारण पाच टक्के, पण ही बसून काम करणारी तरुण मुलं होती म्हणून ६७ वर्षांच्या बाईला मी तसंच जोरात पळवणार नाही. त्यातून घेण्यासारखं एवढंच की सलग तासभर वेळ काढायची गरज नाही. आई सकाळी दूध आणायला ४० पायऱ्या, दुपारी चारला ४०, असं करते, मधे घरची कामं.

उतरण्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण उतरणं हा व्यायाम आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना तोच स्नायू लांब होत होत वजन तोलतो. याला ऑक्सिजन कमी लागतो, धाप लागत नाही, पण स्नायूच्या धाग्यांवर ताण जास्त पडतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, आणि सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलं. नाही, लॅक्टेट तासाभरात निघून गेलेलं असतं, आणि ते कचराही नाही, हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखतं ते उतरताना झालेल्या बारीक इजेमुळे, एक ते तीन दिवस जास्त दुखतं मग आपोआप जातं. आणि गंमत अशी की एकदा दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेच उतरणं तेवढं दुखत नाही, स्नायू शिकलेला असतो. म्हणून चाकरमान्यांनो, गावी यायच्या दोन आठवडे आधी बिल्डिंगमध्ये लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या, पहिल्या दिवशी दोन मजले, मग वाढवा. तैवानमध्ये हेच साठीच्या पुढच्या जाड बायकांवर करून बघितलं होतं, १२ आठवडे, एक गट फक्त चढला एक गट फक्त उतरला, आणि उतरणाऱ्यांचं बीपी, साखरेचं नियंत्रण, पायांची ताकद हे चढणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. ज्यांना चढताना फार धाप लागते त्यांच्यासाठी ही केवढी सोय आहे बघा! रिक्षाने वर जायचं आणि पाखाडीने हळू खाली यायचं, कठड्याला हात, पायात पकड असलेली चप्पल. गुडघा खरंच झिजलेला असेल तर मात्र आधी विचारून.

आता श्वासाच्या स्नायूंचं. श्वासपटल, म्हणजे डायाफ्राम, हाही स्नायूच, तोही दमतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेरोम डेम्प्सी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की पूर्ण जोर लावून सायकल चालवताना श्वासाचं काम मुद्दाम जड केलं की पायांकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि मशीनने श्वासाचं काम हलकं केलं की पायांचं रक्त वाढतं. म्हणजे दोघं एकाच पाण्यावरचे वाटेकरी. यावरून श्वासाला वजन लावायची यंत्रं निघाली, तोंडात धरून स्प्रिंगविरुद्ध हवा ओढायची. कोलोरॅडो विद्यापीठात २०२१ मध्ये ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना जड स्प्रिंग अर्ध्यांना नावाला, रोज फक्त ३० श्वास, आठवड्यातून ६ दिवस, ६ आठवडे, आणि जड स्प्रिंगवाल्यांचं वरचं बीपी सरासरी ९ ने उतरलं. पाच मिनिटांचं काम.

ऑपरेशननंतर दवाखान्यात देतात ते तीन बॉलचं यंत्र म्हणजे हे नव्हे, त्यात फुफ्फुस फुलवायचं असतं, वजन नसतं. आणि प्राणायाम? तो मीही करतो, श्वास हळू होतो, मन शांत होतं, पण श्वासपटलाला तेवढं वजन मिळत नाही, दोन्ही आपापल्या जागी ठेवा. यंत्र घ्यायचं असेल तर हलक्यापासून सुरू करा, आणि हर्निया, कानाचा फाटलेला पडदा, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, फुफ्फुसाला भोक पडल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका. आमच्याकडे हे सगळ्यात शेवटी आलं, चौथ्या महिन्यात, आणि खरं सांगायचं तर खुर्ची आणि पाखाडीने जेवढं झालं तेवढं त्याने नाही झालं. पैसे कमी असतील तर खुर्चीच.

हवेचं विसरू नका. आपल्याकडे घाम येतो पण सुकत नाही, आणि थंडावा घाम गळल्याने नाही तर सुकल्याने मिळतो. मग हृदयाला पायांनाही रक्त द्यायचं आणि कातडीलाही, ठोके वाढतात आणि तोच चढ मे महिन्यात जड जातो. तुम्ही मागे पडला असं समजू नका. सात वाजायच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, आणि थंड हवेतून आलेल्या माणसाने पहिले आठ दहा दिवस बेतानेच. पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा पाखाडी पूर्ण बंद, पडवीत खुर्ची आणि एकाच पायरीवर चढउतार, दहा मिनिटं.

आई कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात आकडा लिहिते, खुर्चीचा वर, पायऱ्यांचा खाली. ६ चे आता १३ झालेत, फणसाखाली उभी राहते पण बसत नाही. मधे तापात बारा दिवस गेले तेव्हा तिने पुन्हा तापाआधीच्याच आकड्यावरून सुरू करायचा हट्ट धरला होता, तसं करू नका, खंड पडला की त्या खंडाच्या दोन आठवडे आधीचा आकडा बघा आणि तिथून धरा.