माणगावची कोंडी टाळताना

मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूर आणि माणगाव येथील बाह्यवळण रस्त्यांची कामे रखडल्याने सारी वाहतूक बाजारपेठेतूनच जाते, म्हणून प्रवासाची आखणी घरातून निघण्यापूर्वीच करावी. शुक्रवारची संध्याकाळ आणि गणेशोत्सवाआधीचे दोन-तीन दिवस शक्यतो टाळावेत. खोपोली-पाली मार्गे वाकणला आल्यास पेण, वडखळ चुकते. माणगाव मात्र चुकत नाही, हे अनेकांना रांगेत उभे राहिल्यावर कळते. चिपळूणकडे जायचे असल्यास पुणे, सातारा, कराडवरून कुंभार्ली घाटाने उतरता येते, मात्र फेरा बराच मोठा पडतो. एकट्याने जाणाऱ्याने कोकण रेल्वेचाच विचार करावा, कारण माणगावला स्थानक आहे.

कोंडीत सापडल्यास रांग सोडू नये. उजवीकडून घुसलेली एखादी मोटार समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडाशी अडकते, मागे-पुढे सरकायला दोघांनाही जागा उरत नाही आणि दोन्ही बाजू ठप्प होतात. खड्डा किंवा दिशाफलकाविना वळवलेला रस्ता दिसल्यास जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा टिपून राष्ट्रीय महामार्गाच्या मदतवाहिनीच्या १०३३ या क्रमांकावर कळवावे. नुसते ‘माणगावजवळ’ असे सांगितल्यास जागा सापडणे अवघड जाते.