परदेशातून व्हॅनिलाच्या शेंगा आणताना या चुका टाळा

मॉरिशस, बाली किंवा झांझिबारहून परतणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हल्ली लवंग-दालचिनीच्या पुड्यांबरोबर व्हॅनिलाच्या काळ्या शेंगांची एखादी जुडीही असते. केशराच्या खालोखाल महाग असलेला हा मसाला जिथे पिकतो तिथेच घेतला म्हणजे तो अस्सल आणि स्वस्त मिळेल, अशी आपली समजूत असते. मीही बालीतील एका बाजारातून अशाच समजुतीने दहा शेंगा आणल्या होत्या. दुकानात त्यांचा वास घमघमत होता, पण घरी पहिलीच शेंग दुधात उकळल्यावर तो वास वाफेबरोबर निघून गेला आणि मागे तेलाचा पातळ तवंग व बेचव चोथा उरला. त्यानंतर मी व्हॅनिला कोठून येतो, कसा तयार होतो आणि कसा बनवेगिरीने विकला जातो याचा बराच शोध घेतला. त्यातून माझे मत असे झाले, की या फसवणुकीत विक्रेत्याच्या चलाखीइतकाच आपल्या नाकाच्या सवयीचाही वाटा असतो.

पहिली चूक: वासाचा जोर म्हणजे अस्सलपणा असे मानणे

आपल्याकडच्या बहुतेकांची व्हॅनिलाशी ओळख आइस्क्रीम, कस्टर्ड पावडर आणि किराणा दुकानातील इसेन्सच्या छोट्या बाटलीतून झालेली असते. या बाटलीत साधारणपणे कृत्रिम व्हॅनिलिन असते. व्हॅनिलिन हा शेंगेतील मुख्य सुगंधी घटक जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केला, आणि आज जगात वापरले जाणारे बहुतांश व्हॅनिलिन खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनते. हे व्हॅनिलिन खाण्यास वाईट नाही. मात्र तो एकच सूर असतो, मोठा आणि सपाट. अस्सल शेंगेत व्हॅनिलिनचे प्रमाण वजनाच्या सुमारे दोन टक्के असते आणि त्याच्या जोडीला दोनशेहून अधिक इतर सुगंधी घटक अत्यल्प प्रमाणात असतात. त्यामुळे चांगली शेंग नाकाजवळ धरली की आधी काळ्या मनुकांचा, मग थोडा गुळाचा, ओल्या लाकडाचा, क्वचित तंबाखूच्या पानाचा वास येतो, आणि आइस्क्रीमची आठवण त्यानंतर होते.

बाजारात दोन जुड्या शेजारी ठेवल्या, तर कृत्रिम व्हॅनिलिनच्या द्रावणात बुडवलेली जुडी आपल्या ओळखीचा वास अधिक जोरात देते आणि आपण तीच उचलतो. अर्क काढून झालेल्या, म्हणजे कस निघून गेलेल्या शेंगांना तेल आणि कृत्रिम सुगंध लावून त्या पुन्हा विक्रीला आणणे हा या व्यापारातील जुना प्रकार आहे. म्हणून दुकानात शिरल्याबरोबर दरवळ अंगावर आला तर हुरळून जाऊ नये. एक शेंग हातात घेऊन कोऱ्या टिश्यूवर हलकेच घासावी. ओला, तेलकट किंवा रंगीत डाग उमटला तर ती जुडी परत ठेवावी. मग एखादी शेंग विकत घेऊन ती तिथेच उभी चिरून द्यायला सांगावी. अस्सल शेंगेत मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, असंख्य काळे दाणे चिकट, तेलकट गरात भरलेले असतात आणि कापलेल्या भागाचा वास सालीच्या वासापेक्षा भरीव असतो. साल घमघमते आणि आतला भाग कोरडा व निर्गंध आहे, असे आढळले तर तो वास बाहेरून लावलेला आहे हे नक्की समजावे. एका शेंगेचे पैसे गेले तरी जुडीचे वाचतात.

दुसरी चूक: किमतीचे गणित न मांडणे

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतील ऑर्किडची वेल आहे. ती इतर उष्ण प्रदेशांत नेऊन लावली गेली, तेव्हा तिला फुले येत, परंतु शेंगा धरत नसत. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर, त्या वेळी गुलामीत असलेल्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या मुलाने १८४१ मध्ये बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलाचे परागीकरण करण्याची पद्धत शोधली, आणि आजही मळ्यांमध्ये तीच पद्धत चालते. फूल एकच दिवस उमलते, त्यामुळे प्रत्येक फुलाला त्याच सकाळी माणसाचा हात लागावा लागतो. त्यानंतर शेंग वेलीवर सुमारे नऊ महिने राहते. तोडल्यावर ती गरम पाण्यातून काढतात, ब्लँकेटात गुंडाळून घाम येऊ देतात, उन्हात घालतात, सावलीत वाळवतात आणि पेट्यांत मुरवतात. यात आणखी काही महिने जातात, आणि एक किलो तयार शेंगांसाठी पाच ते सहा किलो हिरव्या शेंगा खर्ची पडतात.

एवढ्या हातांमधून गेलेली वस्तू पाच रुपयांना एक अशी मिळू शकत नाही, हे गणित प्रवासाला निघण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे. भाव स्थिर नसतात, हेही खरे आहे. मादागास्कर हा सर्वांत मोठा उत्पादक देश, आणि तेथील एका वादळाने जगाचा भाव हलतो. २०१७-१८ च्या सुमारास घाऊक भाव किलोला ५०० ते ६०० डॉलरपर्यंत चढला होता, नंतर तो बराच उतरला. २००३-०४ च्या अशाच तेजीच्या वेळी केरळ-कर्नाटकातील अनेक शेतकऱ्यांनी व्हॅनिला लावला आणि भाव कोसळल्यावर त्यांना मोठा फटका बसला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातील दर पाहून घासाघीस करण्यापेक्षा, निघण्याच्या आठवड्यात दोन-तीन विश्वासू मसाला-विक्रेत्यांचे चालू दर पाहून ठेवावेत. स्थानिक दर त्याहून थोडा कमी असणे स्वाभाविक आहे. तो त्याच्या दहाव्या भागाइतका असेल तर कारण शोधावे.

वजनावर खरेदी करतानाही सावध राहावे. स्वयंपाकासाठीच्या चांगल्या शेंगांमध्ये सुमारे ३० टक्के ओलावा असतो. त्याहून ओल्या ठेवलेल्या शेंगा वजनाला जड भरतात, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतो आणि वर बुरशीचा धोका विकत घेतो. एक भरदार शेंग साधारण तीन ते चार ग्रॅमची असते, हे लक्षात ठेवले की शंभर ग्रॅममध्ये किती शेंगा बसायला हव्यात याचा अंदाज येतो.

तिसरी चूक: मळ्यातून हिरव्या शेंगा घेणे

झांझिबारमधील मसाल्याच्या बागांच्या सहलींत आणि बालीतील मळ्यांवर वेलीवरची हिरवी शेंग दाखवतात, आणि 'ताजी' म्हणून ती घ्यावीशी वाटते. हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वासच नसतो. सुगंध देणारा घटक तिच्यात साखरेच्या रेणूशी बांधलेला असतो आणि वर सांगितलेल्या मुरवण्याच्या क्रियेत तो मोकळा होतो. घरी आणलेली हिरवी शेंग पुष्कळदा कुजते. वेलीचा तुकडा किंवा रोप तर मुळीच आणू नये. जिवंत वनस्पती भारतात आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

चौथी चूक: मोठी बाटली स्वस्तात मिळाली म्हणून घेणे

या चुकीत पैशाबरोबर प्रकृतीचाही प्रश्न आहे. मेक्सिकोतील पर्यटनस्थळी व्हॅनिलाच्या अर्ध्या-एक लिटरच्या बाटल्या अगदी किरकोळ भावात मांडलेल्या दिसतात. अमेरिकेतील नियमानुसार शुद्ध अर्कात किमान ३५ टक्के मद्यार्क आणि लिटरला सुमारे १०० ग्रॅम शेंगांचा कस असावा लागतो. एका लिटरला सुमारे तीस शेंगा, असा हा हिशेब होतो. त्याच दुकानात तीस शेंगांची किंमत विचारावी. बाटली त्याहून खूपच स्वस्त असेल, तर तिच्यात त्या शेंगा नाहीत. ही परीक्षा कोणत्याही देशात आणि भाषेचा गंध नसतानाही करता येते, म्हणून मला ती सर्वांत उपयोगी वाटते.

स्वस्त बाटलीत बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते. परंतु काही बाटल्यांमध्ये टोंका नावाच्या दुसऱ्याच झाडाच्या बियांचा अर्क आढळला आहे. या बियांचा वास व्हॅनिलाच्या जवळचा असतो, पण त्यांत कूमरिन हे द्रव्य असते. अमेरिकेत १९५४ पासून खाद्यपदार्थांत ते घालण्यास बंदी आहे. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांना आणि यकृताचा विकार असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि आपल्या घरातील ज्येष्ठांपैकी कोणी ना कोणी अशी औषधे घेत असतेच. घटकांची यादी नसलेली बाटली कितीही सुंदर वेष्टनात असली तरी घेऊ नये.

रंगावर विसंबण्यातही अर्थ नाही. पाण्यासारखा पारदर्शक द्रव हा शेंगांचा अर्क नव्हे, एवढे खात्रीने सांगता येते. मात्र गडद तपकिरी रंग जळवलेल्या साखरेनेही आणता येतो. लेबलवरील शब्द अधिक बोलके असतात. स्पॅनिशमध्ये 'एक्स्त्राक्तो' म्हणजे अर्क, तर 'साबोर आ' किंवा 'साबोरिसान्ते' म्हणजे केवळ स्वाद. फ्रेंचमध्ये 'एक्स्त्रे द व्हानीय' हा अर्क असतो. युरोपीय संघातील नियमानुसार 'आरोम नात्युरेल द व्हानीय', म्हणजे व्हॅनिलाचा नैसर्गिक स्वाद, असे लिहिण्यासाठी त्यातील स्वादघटक किमान ९५ टक्के व्हॅनिलापासून आलेला असावा लागतो. शेवटी 'द व्हानीय' नसून नुसते 'नैसर्गिक स्वाद' असेल, तर तो कशाचाही असू शकतो. जर्मनीत राहणाऱ्या किंवा तेथे फिरणाऱ्या मराठी मंडळींनी साखरेच्या पुड्या विशेष निरखून घ्याव्यात. 'व्हानिलेत्सुकर' ही शेंगा घातलेली साखर असते, तर 'व्हानिलिनत्सुकर' ही कृत्रिम व्हॅनिलिन घातलेली, आणि दोन्ही पुड्या एकाच फळीवर शेजारी असतात. शेंगा मिळत असतील तिथे मी अर्क घेतच नाही, कारण शेंग चिरून पाहता येते, बाटली पाहता येत नाही.

पाचवी चूक: नावांवर भाळणे

'बूर्बों व्हॅनिला' या नावाचा त्या नावाच्या व्हिस्कीशी संबंध नाही आणि तो दर्जाही नव्हे. रेयुनियाँ बेटाचे जुने नाव बूर्बों होते, त्यावरून मादागास्कर, रेयुनियाँ, कोमोरो या बेटांवरील व्हॅनिलाला ते नाव पडले. ताहितीचा व्हॅनिला वेगळ्या जातीचा असून त्याचा वास फुलांकडे आणि बडीशेपेकडे झुकतो. तो सौम्य लागला म्हणून नकली समजू नये. मॉरिशसच्या बाजारात घेतलेली शेंग मादागास्करची असू शकते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त दुकानदाराला मूळ विचारावे आणि त्याचे उत्तर पुडीवरच्या छापाशी ताडून पाहावे.

सहावी चूक: चांगली शेंग खराब समजून टाकून देणे

कधी कधी शेंगेवर टाचणीने टोचून काढलेले ठिपके किंवा अक्षरे दिसतात. मादागास्करमध्ये वेलीवरून शेंगा चोरीला जातात, म्हणून शेतकरी हिरव्या शेंगेवरच आपली खूण टोचून ठेवतात आणि ती वाळल्यावरही टिकते. तो डाग नसून कोणाच्या तरी वर्षभराच्या राखणीची साक्ष आहे, आणि अशी शेंग हाती आली की मला आनंदच होतो. दुसरी शंका पांढऱ्या थराची. चमकणारे, सुईसारखे बारीक स्फटिक दिसत असतील, तर ते शेंगेतून वर आलेले व्हॅनिलिन आहे. थर कापसासारखा, निस्तेज असेल आणि वास कुबट असेल तर ती बुरशी आहे. अशी शेंग लगेच वेगळी काढावी आणि त्याच डबीतील बाकीच्या एकेक करून तपासाव्यात. बोटाभोवती गुंडाळल्यावर न तुटणारी, किंचित तुकतुकीत शेंग घ्यावी. लांबी-जाडीचा सुगंधाशी थेट संबंध नसतो.

प्रवासात आणि घरी

खरेदीची पावती शेंगांबरोबरच ठेवावी. मद्यार्क असलेला अर्क चेक-इन सामानात, नीट गुंडाळून द्यावा. हातातल्या सामानात द्रवाच्या बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा असते. सौदी अरेबिया किंवा कुवेतला उतरणाऱ्यांनी असा अर्क बरोबर नेऊच नये, कारण तेथे मद्यार्काला बंदी आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये मुलांकडे जाणाऱ्या पालकांनी वाळलेल्या शेंगाही प्रवेश-अर्जावर न चुकता जाहीर कराव्यात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी मात्र दंड होतो.

घरी आणल्यावर सर्वाधिक शेंगा फ्रिजमध्ये वाया जातात. तेथे त्या कोरड्या, कडक होतात आणि डबीत दमटपणा धरला तर बुरशी येते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या आणि गार कपाटात त्या ठेवाव्यात. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात दर आठवड्याला बरणी उघडून पाहावी, मात्र ओला हात लावू नये. शेंग कडक झालीच, तर कोमट दुधात अर्धा तास भिजवून मग चिरावी आणि ते दूध त्याच पदार्थात वापरावे. दाणे खरवडून काढल्यावर उरलेली साल टाकू नये. दुधात वापरली असेल तर ती धुऊन, पूर्ण वाळवून साखरेच्या डब्यात खोचावी. पंधरा दिवसांत त्या साखरेला लागलेला वास घेऊन पाहिला, की बाजारात पहिल्याने नाकात शिरलेला तो घमघमाट आणि हा वास यांतला फरक कोणालाही ओळखता येतो.