वणव्याचं तंत्रज्ञान शिकायचंय? मग एकच जुनी आग निवडा

वनसंपत्ती आणि वणवा व्यवस्थापनात नव्याने येणारे बरेच जण ड्रोन, लायडार (लेझरने अंतर मोजणारं साधन), मशीन लर्निंग सगळं एकदम हाती घेतात आणि कशातच मुरत नाहीत. आमचं सांगणं असं, की दोन-तीन वर्षांपूर्वीचा एकच वणवा निवडा आणि सगळी साधनं त्याच्यावर शिका. क्षेत्र निदान 100 हेक्टर असावं. 20 मीटर बाजूच्या पिक्सेलने, म्हणजे उपग्रहाच्या फोटोतल्या एका चौकोनाने मोजलं तर त्यात 2500 पिक्सेल येतात, सरावाला तेवढे पुरतात.

सुरुवात नासाच्या 'फर्म्स' या मोफत सेवेपासून करा. त्यावर उपग्रहांना दिसलेल्या जुन्या आगींचे बिंदू उतरवून घेता येतात. उपग्रहांवरच्या संवेदकांपैकी व्हीआयआयआरएसचा पिक्सेल 375 मीटरचा, मोडिसचा 1 किलोमीटरचा. नकाशावर दिसणारा बिंदू हा पिक्सेलचा मध्य असतो, आग त्या चौकोनात कुठेही असू शकते. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती स्थानिक वेळेत बदलायला विसरलात तर दुपारची आग सकाळची होऊन बसते. व्हीआयआयआरएस साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. सकाळी गवतात लागून दोन तासांत विझलेली आग त्याला दिसतच नाही. म्हणून बिंदू नाही म्हणजे आग नाही, असं कधीही लिहू नका. उलट, वर्षभर त्याच जागी उमटणारा बिंदू बहुधा एखाद्या भट्टीचा किंवा धुराड्याचा असतो.

पुढची पायरी जळिताच्या तीव्रतेची, आणि इथे घाई करू नका. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचे आगीआधीचे आणि नंतरचे फोटो घ्या, क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडा. बँड 8ए आणि बँड 12 (फोटोतले अवरक्त प्रकाशाचे दोन पट्टे) यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, म्हणजे एनबीआर, जळित ओळखायचा निर्देशांक. आधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की डीएनबीआर मिळतो. 0.1 पेक्षा कमी म्हणजे न जळलेलं, 0.27 पर्यंत सौम्य, 0.66 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, ही प्रचलित वर्गवारी. पण हे आकडे मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलांवरून आलेत. गवताळ किंवा पानगळीच्या भागात ते जसेच्या तसे लावले तर गल्लत होते, कारण नुसतं गवत वाळलं तरी एनबीआर घसरतो. त्यामुळे दोन्ही फोटो एकाच हंगामातले हवेत. गवताळ भागात आगीनंतरचा फोटो लगेचचा घ्या, पाऊस पडून हिरवळ आली की डाग पुसला जातो.

एक खाचखळगा नवख्यांना हमखास अडवतो. जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या मूळ आकड्यांत 1000 जास्तीचे मिळवलेले असतात. आधीचा फोटो 2021 चा आणि नंतरचा 2022 चा असेल, तर हे 1000 वजा केल्याशिवाय तुलना करू नका. नाहीतर जिथे काहीच जळलं नाही तिथेही बदल दिसतो. क्षेत्रफळ काढताना नकाशाचा थर यूटीएम प्रक्षेपात (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत) आणा, अक्षांश-रेखांशात सरळ गणित केलंत तर उत्तर अंशांच्या वर्गात येईल.

मग पडद्यावरून उठून जंगलात जा. पाचोळा, काटक्या, ओंडके हे आगीचं इंधन; त्यांचा ओलावा मोजायला ते वेगवेगळे गोळा करा. 0.6 सेंटिमीटरपेक्षा बारीक काडी एका तासात हवेच्या ओलाव्याशी जुळवून घेते, 7.6 सेंटिमीटरच्या पुढच्या ओंडक्याला त्यासाठी हजार तास लागतात असं धरतात. नमुना दुपारी घ्या, दव असताना नको, आणि हवाबंद डब्यात जागीच बंद करा. डब्याचं वजन आधीच टिपून ठेवा. ओलं वजन करून 105 अंशाला 24 तास वाळवा. ओलावा कोरड्या वजनावर काढायचा: 120 ग्रॅमचे 100 झाले तर 20 टक्के. ओल्या वजनाने भागलं की 16.7 येतात, आणि आगीचा अंदाज तिथेच चुकतो.

आग कशी पसरेल याचा अंदाज देणाऱ्या बऱ्याच संगणक प्रणाली, म्हणजे मॉडेलं, अजूनही अमेरिकी संशोधक रॉथरमेल यांच्या 1972 च्या समीकरणांवर उभ्या आहेत. त्यांना जमिनीलगतची, सलग इंधनातली आग कळते. उडत्या निखाऱ्यांचा हिशोब त्या समीकरणांत नाही. वाऱ्याचा आकडा भरताना विशेष जपा. हवामान केंद्र 10 मीटर उंचीचा वारा देतं, मॉडेलला ज्वाळेच्या मध्यावरचा लागतो. झाडांच्या दाट छताखाली तो केंद्राच्या आकड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा भरू शकतो. थेट आकडा टाकला की कागदावरची आग प्रत्यक्षापेक्षा फार पुढे धावते.

ड्रोन शेवटी शिका. आग विझल्यावर धुमसते निखारे शोधायला थर्मल कॅमेरा पहाटे उडवावा, कारण दुपारी उन्हाने तापलेले दगडही तसेच उजळतात. जिथे हेलिकॉप्टर किंवा विमान काम करतंय तिथे ड्रोन अजिबात उडवायचा नाही, यात सवलत नाही.

प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात फोटोची तारीख, उपग्रह, तीव्रतेच्या वर्गवारीसाठी वापरलेले आकडे आणि जागेवर तपासलेल्या ठिकाणांची संख्या लिहा. तपासणी झालेली नसेल तर 'जागेवर तपासलेलं नाही' असं स्पष्ट छापा. जाळरेषा (आग अडवायला जाळून मोकळा केलेला पट्टा) कुठे काढायची हे ठरवणारा माणूस त्याच कागदावर विसंबून माणसं पाठवणार असतो.