फ्लॅप टाकून वळणाऱ्याला कसं पाडायचं

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं सिम्युलेटर नव्याने खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ‘मी त्याच्या मागं होतो, दोन चकरा मारल्या, आणि तोच माझ्या मागं आला.’ लातूर-नांदेडकडची पोरं आयएल-टू, डीसीएस किंवा वॉर थंडर खेळतात, त्यांच्याकडून मी हे सारखं ऐकतो. बहुतेक वेळा समोरच्याने फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्या, टाकलेले असतात आणि आपण त्याच्याच वर्तुळात शिरून वळत बसलेलो असतो. हे टाळता येतं. अशा माणसाला पाडणं उलट सोपं असतं, फक्त घाई करायची नाही.

आधी फ्लॅप काय करतात ते पाहू. पंखाची मागची कड खाली आली की उचल वाढते, त्यामुळे विमान कमी वेगातही स्टॉल न होता, म्हणजे उचल तुटून न पडता, घट्ट वळतं. आकडे बघा: ताशी ४०० किलोमीटर वेगाने ३ जी (वजनाच्या तिप्पट जोर) लावून वळलं तर वर्तुळाची त्रिज्या साधारण ४४५ मीटर येते. तेच ३०० च्या वेगाने २५० मीटर. त्या वेगाला तुमचं विमान स्टॉलच्या काठावर थरथरत असतं, पण फ्लॅपवाला आरामात आत वळतो. मात्र फ्लॅपने हवेचा अडथळाही वाढतो. पहिल्या दहा-पंधरा अंशांत उचल जास्त मिळते, त्यापुढे बराचसा अडथळाच. प्रत्येक चकरेला त्याचा वेग गळतो आणि सपाट वळणात तो परत मिळत नाही. त्याची ही तूट तुम्हाला वापरायची आहे.

पहिलं काम म्हणजे ओळखणं. जवळ असाल तर पंखामागची झुकलेली पट्टी दिसते. लांबून खूण वेगळी. तो अचानक तुमच्या नाकाच्या आत वळायला लागतो आणि त्याच्या-तुमच्यातलं अंतर भसकन कमी होतं. तो थांबल्यासारखा वाटला की समजा, फ्लॅप आलेत. समोर विमान कोणतं आहे, हेही बघा. मेसरश्मिट १०९ मध्ये पायलटला चाक हाताने फिरवून फ्लॅप काढावे-घ्यावे लागायचे, त्यामुळे ते मिटायला वेळ लागतो. स्पिटफायरचे फ्लॅप फक्त उतरण्यासाठी, एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. पी-५१ मस्टँगला १० अंश फ्लॅप ताशी ४०० मैलांपर्यंत चालायचे, म्हणून तो वेगातही ते वापरू शकतो. जपानी शिडेन-काईचे तर लढाईत आपोआप हलायचे. वॉर थंडरमध्ये जास्त वेगात टाकलेले फ्लॅप तुटतात, हेही लक्षात असू द्या.

ओळख पटली की त्याच क्षणी स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, थोडी ढिली करा. इथेच बहुतेकांचं चुकतं. तो आत वळतोय हे दिसलं की हात आपोआप स्टिक पोटाशी ओढतो, मग आपणही फ्लॅप टाकतो, आणि दोघं मिळून सावकाश फिरत राहतो. त्या खेळात जास्त वळणारं विमान जिंकणार, तुमची हुशारी नाही.

त्याऐवजी हाय यो-यो करा, म्हणजे वर चढून वेग उंचीत साठवायचा आणि वरून परत त्याच्यावर उतरायचं. तुम्ही मागे आहात, तुमचा वेग जास्त आहे, तो आत वळतोय. वळणाचा बँक (पंखांचा तिरपेपणा) थोडा कमी करा, पंख सरळ होऊ द्या आणि नाक वर घ्या. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, पूर्ण. वेग उंचीत बदलतो, म्हणून तुम्ही त्याच्या पुढे निघून जात नाही. मान वर करून त्याला कॅनॉपीतून (डोक्यावरच्या काचेतून) बघत राहा, नजर सुटली की डाव गेला. वर पोचल्यावर विमान उलटं करून नाक त्याच्या शेपटीमागच्या हवेत टाका, त्याच्या पुढे नाही. ताशी ४०० वरून ३०० वर येताना साधारण पावणेतीनशे मीटर उंची हाताशी येते. एका यो-योत गोळी जमली नाही तर पुन्हा वर जा. प्रत्येक खेपेला तो आणखी हळू झालेला असेल.

आता तो चिडून नाक वर करून तुमच्यामागे येईल. हाच क्षण. फ्लॅप खाली असलेलं विमान चढताना लवकर दमतं, प्रॉपेलरवर लटकतं आणि नाक खाली पडतं. तुमच्यात अंतर कमी असेल तर लटकतानाही तो गोळी झाडेल, म्हणून वेगाचा फरक नसताना सरळ वर जाऊ नका. फरक असेल तर तो पडायला लागताच उलटून खाली या. आपल्याकडून खेळणाऱ्यांसाठी याला आणखी एक कारण आहे. मोठे सर्व्हर बहुतेक युरोपात, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायचा वेळ) जास्त, घट्ट वळणातलं विमान पडद्यावर उड्या मारतं. लटकलेलं विमान मात्र जिथल्या तिथे असतं.

तोच तुमच्या मागे असेल तर? वळू नका. स्टिक किंचित पुढे ढकलून पंखावरचा भार उतरवा, उथळ सूर मारा आणि थ्रॉटल पूर्ण ठेवून सरळ निघा. फ्लॅप मिटेपर्यंत त्याला वेग धरता येत नाही. दीड-दोन किलोमीटर अंतर पडल्याशिवाय परत फिरायचं नाही, आणि फिरताना आधी चढायचं. हळू कात्रीत, म्हणजे एकमेकांची वाट आलटून-पालटून कापत वळण्याच्या सिझर्समध्ये, त्याच्याबरोबर अडकलात तर त्याचीच चलती असते.

आपले फ्लॅप वापरायचेच नाहीत असं नाही. यो-योच्या माथ्यावर, वेग सर्वात कमी असताना, नाक लवकर खाली वळवायला एक खटका पुरतो. नाक आलं की लगेच वर.

सरावासाठी मी टेम्पेस्ट सुचवतो, आयएल-टूमध्ये ते मिळतं. याच जातीच्या विमानांनी सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनमध्ये उमरग्याकडून पुढे सरकणाऱ्या फौजेसाठी हल्ले केले होते. ती मार्क टू होती, खेळात मार्क फाइव्ह आहे. हे विमान वेगाचं आहे, हळू वळणात मार खातं, म्हणून त्यावर वळण्याची खोड लवकर मोडते. लाईट असेल तेव्हा ऑफलाइन मिशनमध्ये एकच मेसरश्मिट समोर घ्या, दोघांचं इंधन सारखं ठेवा, मग ट्रॅक (खेळाचं रेकॉर्डिंग) परत लावून त्याचे फ्लॅप कुठे आले आणि तुम्ही तेव्हा काय केलं ते बघा.

जोडीदार असेल तर काम निम्मं होतं. एकाने लांबून वळत त्याला गुंतवायचं, दुसऱ्याने वर थांबायचं. ‘दादा, त्यानं फ्लॅप टाकलेत की, सोड त्याला, मी येतोय वरून’ एवढं ऐकू आलं की खालच्याने वळण सोडून सरळ निघायचं. समोरचा पाठलागासाठी पंख सरळ करतो, आणि वरच्याला स्थिर, हळू लक्ष्य मिळतं.