एआयएफएफ फाइल वाजवताना नुसती खरखर: काय चुकत होतं

ध्वनी वाजवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममध्ये 16 बिटी वेव्ह (WAV) फाइल नीट वाजायची, एआयएफएफ (AIFF, हाही ध्वनिफाइलचाच एक प्रकार) लावली की कानठळ्या बसवणारी खरखर; लांबी मात्र अचूक. सॅम्पल रेट बदलला, बफर वाढवला, उपयोग शून्य. दोन दिवस डोकं पिकलं.

फाइलचे कच्चे बाइट हेक्समध्ये पाहिले, तर शांत जागी एका सॅम्पलचे (आवाजाच्या एका मोजमापाचे) बाइट 00 01 होते, म्हणजे 1. प्रोग्रॅम ते 256 वाचत होता! एआयएफएफमध्ये वरचा बाइट आधी येतो (बिग-एंडियन), वेव्हमध्ये खालचा (लिटल-एंडियन).

आधी कॉम (COMM) चंक, म्हणजे सॅम्पलची माहिती देणारा फाइलचा भाग, वाचा. फाइल एआयएफएफ-सी (एआयएफएफचाच विस्तारित प्रकार) असून तिथे कॉम्प्रेशनचा प्रकार ‘एसओडब्ल्यूटी’ (sowt) असेल, तर सॅम्पल लिटल-एंडियनच असतात; उलटवू नका. साध्या एआयएफएफमध्ये पहिला बाइट 8 बिट डावीकडे सरकवा, दुसरा ऑर करा (म्हणजे दोघांचे बिट एकत्र जोडा), मग साइन्ड (ऋण आकडेही धरणाऱ्या) 16 बिटांत घ्या. असं केलं की मशीनचा क्रम तपासावाच लागत नाही. चंकचे आकार मात्र ‘एसओडब्ल्यूटी’तही बिग-एंडियनच वाचायचे.