कार्बाइड न वापरता घरी केळी पिकवायची कशी

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे कोणी नातेवाईक असले की अर्धा घड कच्ची केळी घरी येऊन पडतातच, आणि मग उन्हाळ्यात निम्मी वाया जातात.

आधी हे समजून घ्या भो, केळ कापल्यावरपण जिवंत असतं आणि त्याला पिकवतो तो इथिलीन नावाचा हार्मोन. हा हार्मोन म्हणजे चक्क वायू आहे, केळ स्वतःच सोडतं, आणि थोडा लागला की अजून जास्त सोडायला लागतं, म्हणून एक पिकलं की अख्खी फणी मागे लागते. जुने लोक बंद खोलीत धुरी द्यायचे ना, त्या धुरातपण इथिलीनच असतो.

तर फण्या सुट्या करा, चीक निथळू द्या (कपड्यावर पडला तर डाग जात नाही). केळाच्या कडा हाताने चाचपा, धारदार लागल्या तर माल कोवळा आहे, त्याची भाजी करा सरळ, गोडी येणार नाही त्याला. कडा गोलसर झालेल्या फण्या कागदी पिशवीत किंवा कोरड्या पोत्यात ठेवा, सोबत एक-दोन पूर्ण पिकलेली केळी नाहीतर पिकलेली पपई, आणि तोंड दुमडून टाका. प्लास्टिक नको, आत पाणी सुटतं आणि पिकताना केळाला ऑक्सिजन लागतो तो मिळत नाही. रोज एकदा उघडून हवा द्यायची.

खरी गडबड तापमानाची. रायपनिंग चेंबरमध्ये (व्यापाऱ्यांच्या केळी पिकवायच्या थंड खोलीत) 16 ते 18 डिग्री ठेवतात आणि आपल्याकडे मे महिन्यात 44-45, एवढ्या गरमीत गर पिकून जातो पण सालीतला हिरवा रंग मोडत नाही, बाहेरून कच्चं दिसतं आणि सोललं की आत गिळगिळीत. म्हणून पिशवी कूलरच्या खोलीत ठेवा आणि रंगावर जाऊ नका, दाबून बघा. थंडीत उलटं, 13 डिग्रीच्या खाली साल काळपट पडते, तेव्हा पोत्यावर गोधडी टाका.

कार्बाइडच्या नादी लागूच नका, त्यातून इथिलीन नाही ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असू शकतो, 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत त्याला बंदीच आहे.

पिवळेपणा दिसायला लागला की फण्या बाहेर काढून टांगा, मेथी-कोथिंबिरीपासून लांब, नाहीतर भाजीपण पिवळी पडते. जास्तच पिकली तर फ्रिजमध्ये टाका, साल काळी होईल पण आतलं केळ दोन-तीन दिवस चांगलं राहतं.