एकाहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये आवाक्यात असताना निवड कशी करावी?

नीटच्या गुणांवर अखिल भारतीय 15 टक्के कोट्यातून एक, राज्याच्या 85 टक्के कोट्यातून दुसरे आणि एखाद्या अभिमत विद्यापीठाचे तिसरे महाविद्यालय मिळण्यासारखे असले, की घरात आनंदाबरोबर गोंधळही सुरू होतो. खरा निर्णय मात्र जागा मिळाल्यावर नव्हे, तर पसंतीक्रम भरतानाच झालेला असतो.

म्हणून पहिले काम यादीचे. जागावाटप गुणवत्ता क्रमांक आणि पसंतीक्रम पाहून होते. वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे ‘मिळणार नाही’ म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलू नये. पुढच्या फेरीत सुधारित जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. तेव्हा हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर अधिक हवे नाही, ते यादीत ठेवूच नये.

त्यानंतर खर्च आणि बंधपत्र यांचा हिशेब मांडावा. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते; अभिमत विद्यापीठे त्याच्या कक्षेत येत नाहीत. वसतिगृह व खानावळ धरून साडेचार वर्षांची बेरीज करावी, केवळ पहिल्या वर्षाची नव्हे. शासकीय जागेसोबत पदवीनंतरच्या एक वर्षाच्या सेवेची अट असते आणि परराज्यात अटी निराळ्या असतात, म्हणून अखिल भारतीय कोट्यातील जागा घेताना त्या आधी वाचाव्यात.

सर्वाधिक वेळ मात्र रुग्णालयाला द्यावा. राज्यातील संलग्न महाविद्यालयांची परीक्षा व पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते आणि पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजी या वेगळ्या परीक्षेच्या क्रमांकावर होतो; त्यामुळे नावापेक्षा हाताखालून किती रुग्ण जातात, हे महत्त्वाचे ठरते. शक्य असल्यास एखाद्या सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे, वॉर्डातील खाटा भरलेल्या आहेत का ते पाहावे आणि आंतरवासितांना (इंटर्न डॉक्टरांना) नेमके विचारावे: प्रसूती स्वतः किती केल्या, टाके कोण घालते, विद्यावेतन वेळेवर मिळते का? गर्दी म्हणजे शिक्षण, असेही समजू नये. काही मोठ्या रुग्णालयांत आंतरवासितांचा दिवस रक्ताचे नमुने पोहोचवण्यातच जातो. (चकचकीत इमारत आणि रिकामा वॉर्ड यांची जोडी दिसली, तर मी ते नाव खाली सरकवेन.)

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 चे, केईएम रुग्णालयाचे सेठ गो. सुं. महाविद्यालय 1926 चे, त्यांच्याकडे अनुभवाचा साठा आहे. याउलट हिंगोली, वाशीम, गडचिरोली यांसारखी 2024 मध्ये सुरू झालेली महाविद्यालये जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली आहेत. अशा ठिकाणी रुग्ण भरपूर असू शकतात, पण प्राध्यापकांची किती पदे भरली आहेत, ते विभागवार विचारणे आवश्यक आहे.

घरापासूनचे अंतर, भाषा, हवामान हे निकष दोन महाविद्यालये तोडीस तोड वाटली तरच वापरावेत.

शेवटी नियमांकडे वळावे. राज्याच्या फेरीत प्रवेश घेऊन ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज भरला, की पुढील फेऱ्यांतून आपण बाहेर पडतो. म्हणून तो घाईने भरू नये. जागा सोडायची असेल, तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील मुदत व अनामत रकमेचा नियम पाहून ती वेळेत सोडावी आणि मूळ कागदपत्रे परत घेऊनच दुसऱ्या गावाची गाडी पकडावी.